नेवाडाच्या माळावर घोडे जास्त की गुरं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकार हेलिकॉप्टर लावून जंगली घोडे पकडतं आणि कोंडवाड्यात ठेवतं, त्याच सरकारी जमिनीवर खासगी गुरं मात्र नाममात्र पैशांत चरतात. मग घोड्यांमुळे रान खरंच उजाड होतं, की गुरांना जागा करून देण्यासाठी घोड्यांवर खापर फोडलं जातं? विचारणारे जूनमध्ये नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात येणार आहेत आणि इथे काय बघावं हेही त्यांना हवं आहे.

मी परभणीला पशुवैद्यक शिकलो, पुढे इकडे येऊन चराऊ कुरणांचा अभ्यास केला आणि गेली 19 वर्षं नेवाडात गवत मोजायचं काम करतो आहे. रँचवाल्यांसाठी, म्हणजे मोठ्या प्रमाणावर गुरं पाळणाऱ्यांसाठी मोजलं आहे, घोड्यांसाठी झटणाऱ्या संस्थांसाठीही मोजलं आहे. उत्तर लांबणार आहे, कारण एका वाक्यात दिलेलं उत्तर निम्म्या रानाच्या बाबतीत खोटं ठरतं.

देशभराचा हिशेब मांडला तर गुरांचं पारडं कितीतरी जड आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, इथल्या बोलण्यात बीएलएम, या खात्याच्या ताब्यात सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे. त्यातल्या 15.5 कोटी एकरांवर गुरा-मेंढरांना चराई खुली आहे. घोड्यांना आणि रानगाढवांना नेमून दिलेली जमीन अडीच कोटी एकरांच्या आसपास, आणि तिच्यातही बहुतेक ठिकाणी गुरं असतातच. चराईचं माप म्हणजे एयूएम: एक गाय वासरासह, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढ्या महिनाभरात जितकं खातील तितका चारा. 2025 च्या मार्चमध्ये रानात सुमारे 73,000 घोडे आणि गाढवं असावीत असा खात्याचा अंदाज होता. त्या सगळ्यांना घोडा धरून बारा महिन्यांचं खाणं काढलं, तरी आकडा नऊ लाख एयूएमच्या आत राहतो. रँचवाले दर वर्षी ज्या चाऱ्याचे पैसे भरतात तो 80-90 लाख एयूएमच्या घरात जातो. दर 2019 पासून 2025 पर्यंत एयूएमला 1.35 डॉलर, म्हणजे ठरलेला किमान दर. खासगी कुरणाचं भाडं याच्या पंधरा पटींहून जास्त असतं.

इथवर घोड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि रँचवाल्यांच्या सभेत मी ते तसंच सांगतो. पण कुठलाही घोडा देशाच्या सरासरीत चरत नाही. तो एका झऱ्याभोवती चरतो.

2021 च्या ऑगस्टमध्ये मध्य नेवाडातल्या अशाच एका झऱ्यावर मी चार दिवस मुक्कामाला होतो. वर्षाला सरासरी 25 सेंटीमीटर पाऊस-बर्फ मिळून पडणारा हा मुलूख, त्यात ते साल दुष्काळाचं. झरा म्हणजे दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा चिखल आणि मधोमध परातीएवढं पाणी. पहाटे साडेचारला पहिला कळप आला: एक आंडील घोडा, चार घोड्या, दोन शिंगरं. थोरली घोडी पुढे झाली, पुढच्या खुराने चिखल उकरला आणि खड्ड्यात पाणी झिरपायची वाट बघत मान खाली घालून उभी राहिली. दोन घोट मिळाले की पुन्हा उकरणं. ऊन चढेपर्यंत समोरच्या उतारावर आणखी पाच कळप येऊन थांबले होते. घोडे एकमेकांवर कान पाडून धावून जात होते, घोड्या मात्र हलत नव्हत्या. हलायला अंगात काही उरलंच नव्हतं. एका शिंगराच्या बरगड्या दुर्बीण न लावता मोजता येत होत्या. तिसऱ्या दिवशी प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्यांचा लहानसा कळप आला, लांबूनच घोडे बघितले आणि परत फिरला. पाणवठ्यावर घोडे असले की हे प्राणी आणि एल्क ही मोठी हरणं मागे राहतात हे संशोधकांनी कॅमेरे लावून नोंदवलेलं आहे, पण डोळ्यांसमोर बघितलं की जिवाला लागतं.

मी तिथे झऱ्याकाठचं गवत मोजायला गेलो होतो. गवत नव्हतंच. मीटरभराच्या चौकटीत खुरांचे खड्डे मोजले आणि तेवढंच वहीत लिहिलं.

त्या वर्षी त्या रानात एकही गाय नव्हती. तिथे चराईचा परवाना असलेल्या रँचवाल्याने वसंतातच दुष्काळ ओळखला आणि गुरं सोडलीच नाहीत. तिथे रान कोणी खाल्लं, याला दुसरं उत्तर नाही. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका खोऱ्यात गेलो, जिथे घोडा औषधालाही सापडत नाही. तिथे गुरांनी ओढ्याचा काठ असा खरवडला होता की विलोचं एकही रोप गुडघ्याच्या वर नव्हतं. दोन्ही जागा मी पाहिल्या आहेत, म्हणून कोणी एकीचंच चित्र दाखवायला लागलं की मला राहवत नाही.

आता हे का होतं ते. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुपका ओढून तोडते, म्हणून थोडा बुडखा उरतो. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे दात आणि हलते ओठ. तो जमिनीला लागून कातरू शकतो. गाय रवंथ करते, निबर गवत तिच्या पोटात बराच वेळ पडून राहतं, आणि चारा फारच निकस झाला की तिला पुरेसं खाताच येत नाही. घोड्याचं पचन मागच्या आतड्यात. त्याला चाऱ्यातून निघतं कमी, पण तो भराभर आणि जास्त खाऊन ती कसर भरून काढतो. म्हणून जिथे गाय हाडावर येते तिथे घोडा अजून तग धरून असतो, आणि तो तग धरून असतो म्हणजेच राहिलेलं गवतही जातं. गाय पाण्यापासून सहसा दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे जात नाही, सपाटी सोडत नाही. घोडा दहा-दहा किलोमीटर चालतो, कडे चढतो. दोघांची खरी गाठ पडते ती उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर.

यापेक्षा मोठी गोष्ट महिन्यांची आहे. आपल्याकडे जूनचा पाऊस पडला की माळ हिरवा होतो. इथे हिवाळ्यातला बर्फ वितळतो तेव्हा, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, गवताला वाढीचे सहा-आठ आठवडे मिळतात. इंडियन राइसग्रास किंवा ब्लूबंच व्हीटग्रास यांसारखं इथलं मूळचं बहुवर्षायू गवत याच दिवसांत दोन-तीनदा खाल्लं गेलं, की ते मुळांमध्ये साठवलेलं खर्चून पुन्हा पातं काढतं. असं ओळीने तीन-चार वर्षं झालं की बुंधा मरतो. रिकाम्या जागेत चीटग्रास शिरतं. हे बाहेरून आलेलं एकवर्षायू गवत जूनमध्येच वाळून कोळ होतं, वीज पडली की पेटतं, आणि जळालेल्या रानात पुन्हा तेच सगळ्यात आधी उगवतं. एकदा हे चक्र सुरू झालं की घोडे काढा नाहीतर गुरं काढा, जुनं गवत आपोआप परत येत नाही. माझा सगळा जीव अडकलेला आहे तो इथे. बाकी सगळं भांडण मागेपुढे करता येतं, हा बुंधा मात्र गेला की गेला.

गुरांना हलवता येतं. परवान्यात तारखा असतात: या कुरणात या दिवसापासून या दिवसापर्यंत, एवढी गुरं. चांगला रँचवाला एका वर्षी वसंतात खाल्लेलं कुरण पुढच्या वसंतात मोकळं सोडतो. फलटण भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्या शहाणपणाच्या जवळ जाणारीच ही गोष्ट आहे. रान हलत नाही म्हणून जनावर हलवायचं. वाईट रँचवाला तारीख उलटली तरी गुरं गोळा करत नाही, आणि एवढ्या मोठ्या मुलखात तपासायला माणसं मूठभर असतात. घोड्याला मात्र तारीखच नाही. तो बाराही महिने तिथेच असतो, वसंतातही.

इथे कायदा समजून घेतला पाहिजे. 1950 मध्ये रीनोच्या वेल्मा जॉन्स्टन या बाई कामावर जात असताना पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना त्यांना दिसलं. त्या मागे मागे गेल्या. आत कत्तलखान्याकडे निघालेले, अर्धमेले रानघोडे कोंबलेले होते. तेव्हा घोडे विमानाने आणि गाड्यांनी पळवून पकडले जात, त्यांचं कुत्र्या-कोंबड्यांसाठी खाद्य होई. बाईंनी वीस वर्षं हा लढा लावून धरला, शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला. 1959 मध्ये मोटारी आणि विमानांनी घोडे धरण्यावर बंदी आली, आणि 15 डिसेंबर 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जंगली घोडे आणि गाढवांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. संसदेत विरोधात एकही मत पडलं नव्हतं. या बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्याशिवाय आज भांडायला घोडेच उरले नसते.

पण त्या कायद्याने घोड्याला जागेशी बांधून टाकलं. 1971 मध्ये तो जिथे होता तिथेच तो राहू शकतो, नव्या सरकारी जमिनीवर त्याला वसवता येत नाही. मूळच्या मुलखातलाही बराच भाग पुढे त्याच्यासाठी बंद झाला. आणि तिथे ‘नैसर्गिक संतुलन’ राखायचं, जास्तीचे घोडे काढायचे, ही जबाबदारी खात्यावर आली. संतुलनाची संख्या देशभर मिळून सुमारे 25,600 ठरवलेली आहे, म्हणजे आज रानात त्याच्या जवळपास तिप्पट जनावरं आहेत. ही संख्या आली कुठून? राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन मंडळाने 2013 च्या अहवालात हेच विचारलं, आणि ती ठरवण्याची पद्धत पारदर्शक नाही असं स्पष्ट लिहिलं. मीही काही रानांच्या जुन्या फायली चाळल्या आहेत. कुठे नीट मोजमाप आहे, तर कुठे गुरांचा वाटा आधी धरून उरलेला घोड्यांना दिलाय हे कागदावरच दिसतं. घोडाप्रेमींचा राग अशा ठिकाणी रास्त आहे.

वाढीचं गणित मात्र रागाने बदलत नाही. कळप वर्षाला 15 ते 20 टक्क्यांनी वाढतो. 18 टक्के धरले तर 100 घोड्यांचे पाच वर्षांत 229 होतात. काही डोंगराळ भागांत पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा, शिंगरं मारतात आणि वाढ थोडी थोपते, पण नेवाडाच्या उघड्या खोऱ्यांत सिंहाला दबा धरायला आडोसाच नाही. ‘निसर्गावर सोडा’ म्हणणाऱ्यांना मी त्या झऱ्यावरच्या शिंगराच्या बरगड्या आठवून सांगतो: निसर्गावर सोडणं म्हणजे ते.

हेलिकॉप्टरने पकडण्याची रीत अशी. विणीचा हंगाम म्हणून मार्च ते जून हेलिकॉप्टर वापरत नाहीत. जुलैपासून सुरुवात होते. ज्यूटच्या कापडाच्या दोन लांब भिंती नरसाळ्यासारख्या उभारतात. पायलट कळपाला लांबून दामटत आणतो, तोंडाशी आल्यावर शिकवलेला एक माणसाळलेला घोडा सोडतात, तो पुढे धावतो आणि बाकीचे त्याच्यामागे थेट पिंजऱ्यात. निष्णात पायलट शिंगरू मागे पडलं की वेग कमी करतो. तरीही एका मोहिमेत एक घोडी लोखंडी कठड्यावर आदळून मान मोडून पडलेली मी पाच फुटांवरून पाहिली आहे. तिचं शिंगरू रात्रभर ओरडत होतं. बहुतेक घोडे जिवंत पोचतात हे खरं आहे. मला त्या रात्री झोप आली नाही हेही खरं आहे.

पुढे काय? दातांवरून वय बघतात, मानेच्या डाव्या बाजूला गारठवलेल्या लोखंडाने खूण करतात. तिथले केस पांढरे उगवतात आणि ती खूण जन्मभर राहते. मग दत्तक देण्यासाठी ठेवतात. दत्तक घेणारे पुरत नाहीत. 2019 पासून घोडा नेणाऱ्याला हजार डॉलर द्यायला सुरुवात झाली, तर काही लोकांनी पैसे घेतले आणि मालकी हातात येताच घोडे कत्तलीच्या व्यापाऱ्यांकडे जाणाऱ्या लिलावात उभे केले. उरलेले सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत मरेपर्यंत राहतात. तिथे आज 60,000 हून जास्त जनावरं आहेत. एवढी दाटी म्हणजे रोगाला आमंत्रणच: 2022 मध्ये कोलोरॅडोतल्या कॅनन सिटीच्या कोंडवाड्यात घोड्यांच्या फ्लूने 145 घोडे मेले. या सांभाळावर वर्षाला 10 कोटी डॉलरहून जास्त खर्च होतो, आणि कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा हिस्सा त्यातच संपतो. रानातल्या झऱ्यासाठी, कुंपणासाठी, लसीसाठी पैसे उरतात थोडे.

माझं मत लसीच्या बाजूने आहे, आणि ते मी दोन्ही बाजूंना ऐकवतो. पीझेडपी नावाची लस डुकराच्या बीजांडाभोवतीच्या आवरणापासून बनवतात. ती घोडीला टोचली की तिचं शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, तिच्या स्वतःच्या बीजांडावरही ती जाऊन बसतात आणि शुक्राणूला चिकटायला जागा राहत नाही. पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या आसाटीग बेटावर 1994 मध्ये तिचा वापर सुरू झाला. रीनोजवळच्या व्हर्जिनिया रेंजवर स्वयंसेवक डार्ट-बंदूक घेऊन प्रत्येक घोडी चेहऱ्या-पायांच्या खुणांवरून ओळखतात, वहीत तारीख लिहितात आणि तीस-चाळीस मीटरवरून मांडीत डार्ट मारतात. अडचण एवढीच की ही लस जवळपास दर वर्षी द्यावी लागते, आणि आतल्या खोऱ्यांतले घोडे माणूस किलोमीटरवर दिसला तरी धूम ठोकतात. तिथे गोनाकॉन ही दुसरी लस बरी. तिचे दोन डोस दिले की परिणाम कित्येक वर्षं टिकतो. त्यासाठी घोडीला एकदा पकडावंच लागतं. म्हणजे हेलिकॉप्टर किंवा पाण्यावरचा सापळा सरसकट बंद करा ही मागणी मला पटत नाही. पकडा, लस द्या, आणि तरण्या घोड्या परत रानात सोडा. आज पकडलेल्यांतले फार थोडे परत जातात, तिथे माझा खात्यावर रोष आहे.

रँचवाल्यांकडूनही काही मागायचं आहे. चराईचा परवाना हा हक्क नव्हे, असं 1934 च्या टेलर ग्रेझिंग कायद्यातच लिहिलेलं आहे. व्यवहारात मात्र बँक रँचची किंमत करताना परवाना धरते, आणि बापजाद्यांपासून चालत आलेलं रान सोडा म्हटलं की माणूस हादरतो. हिवाळाभर विकतचं गवत घालून गुरं जगवणारी, बर्फात मध्यरात्री वासरू ओढून काढणारी घरं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना लुटारू म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. पण घोड्यांना नेमून दिलेल्या अडीच कोटी एकरांत तरी चारा वाटताना घोड्यांचं पान आधी वाढलं पाहिजे. घोड्यांसाठी एखादं क्षेत्र गुरांना बंद करण्याचा अधिकार नियमात आहे, तो क्वचितच वापरला जातो. जे परवानेदार सुखाने बाहेर पडू इच्छितात त्यांना मोबदला देऊन तो परवाना कायमचा मिटवण्याची सोय हवी. आणि पाण्याचं काहीतरी व्हायला हवं: नेवाडात गुरांच्या पाण्याचे हक्क बऱ्याच ठिकाणी रँचवाल्यांकडे आहेत, हाळावरचा पंप तेच चालवतात. गुरं रानातून निघाली की पंप बंद, आणि त्या हाळावर सवयीने येणारे घोडे कोरड्या लोखंडाला तोंड लावून उभे. पंपाच्या डिझेलचा खर्च कोणी द्यायचा हे एका बैठकीत ठरू शकतं. एका खोऱ्यात आम्ही ते ठरवलं आहे, रँचवाला आणि घोड्यांची संस्था निम्मा-निम्मा भरतात, आणि दोघं आता एकमेकांच्या फोनला उत्तर तरी देतात.

वायोमिंगचा मामला वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा आहे. तिथे रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळे एक चौरस मैल सरकारी, एक खासगी, असा बुद्धिबळाच्या पटासारखा मुलूख आहे. घोड्याला रेघ दिसत नाही, मालकाला दिसते, आणि खटले वर्षानुवर्षं चालतात. नेवाडाचं उत्तर तिथे जसंच्या तसं लागू करू नका.

जूनमध्ये याल तेव्हा रीनोच्या उत्तरेला पॅलोमिनो व्हॅलीचं केंद्र बघा. पकडलेले घोडे तिथे ठेवतात आणि लोकांना बघता येतात. मानेवरच्या पांढऱ्या खुणा जवळून दिसतील. मग गाडी काढून पूर्वेकडे कुठल्याही मातीच्या रस्त्याला लागा. माळावर कंबरेएवढा तारेच्या जाळीचा पिंजरा जमिनीत रोवलेला दिसला तर थांबा. आमच्यासारख्यांनी तो गवत मोजायला लावलेला असतो. आतलं गवत आणि बाहेरचं गवत शेजारी शेजारी बघा. नंतर आसपास शेण शोधा. गाईचं शेण थापल्यासारखं पसरलेलं, घोड्याची लीद गोळ्यांची, आणि आंडील घोडा एकाच जागी येऊन ढीग रचत जातो, कधी कधी गुडघाभर उंच. कुठलं किती आणि किती जुनं ते मोजा, पाण्यापासून किती पावलं ते मोजा. वीस मिनिटं लागतात. मी नव्या मुलांना कामाला लावतो तेव्हा पहिल्या दिवशी तेवढंच करायला सांगतो.